कच्चे घर, पक्के घर

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली त्याने ही दोन्ही धाडसे स्वतः केली असली पाहिजेत, याबद्दल मला शंका नाही. अनुभवावाचून इतकी कळकळ शब्दांत उतरत नाही. परंतु वर्षानुवर्षे वर्गात म्हणी शिकवताना या म्हणीतली एक उणीव मला जाणवत आली आहे. तिच्यात बांधणाऱ्याचे हाल आहेत; ज्यांच्या जिवावर घर उभे राहते त्यांचा उल्लेख नाही. विटांसाठी ज्या शेताची वरची माती खरवडली ते शेत, रेतीसाठी जिचे पात्र उपसले ती नदी, सिमेंटसाठी जी टेकडी भट्टीत गेली ती टेकडी, यांना कोणी कधी विचारले आहे काय, की बायांनो, घर बांधून तुम्ही काय पाहिले?

आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मंडळींना हा प्रश्न टाळता येत नाही. कारण बाकीच्या महाराष्ट्राची घरे आमच्या अंगणात सुरू होतात. राजुरा आणि कोरपना तालुक्यांतल्या जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही अशा, पूर्वी कोणाला ठाऊक नसलेल्या गावांत सिमेंटचे मोठाले कारखाने उभे राहिले. त्यांना लागणारा कोळसाही येथलाच. आलापल्लीच्या जंगलातले सागवान तर इंग्रजांच्या काळापासून नावाजलेले. २०२३ च्या मार्च महिन्यात अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरच्या लाकूड आगारातून सागाचे ओंडके वाजतगाजत रवाना झाले, तेव्हा वाटेत लोकांनी त्या ओंडक्यांवर फुले उधळली. लाकडाच्या नशिबी एवढा मान क्वचित येतो. एरवी सिमेंटची पोती आणि बांबूच्या मोळ्या येथून मुकाट्यानेच जातात.

मी भाषेचा शिक्षक असल्यामुळे कोणत्याही विषयाकडे शब्दाच्या खिडकीतून पाहण्याची मला खोड आहे. घराच्या बाबतीत आपल्याकडे दोन शब्द आहेत: कच्चे आणि पक्के. सरकारी कागदात हे शब्द फार महत्त्वाचे. २०११ सालच्या सामाजिक-आर्थिक पाहणीत ज्याच्या भिंती कच्च्या व छप्परही कच्चे तो गरीब धरला गेला, आणि त्याच यादीवरून पुढे २०१६ पासून ग्रामीण भागात घरकुले मंजूर होऊ लागली. माती, कूड, बांबू म्हणजे कच्चे. वीट, सिमेंट, सळई म्हणजे पक्के. आता या शब्दांचे मूळ पाहा. ‘पक्का’ हा ‘पक्व’ या शब्दाचा वंशज. पक्व म्हणजे शिजलेले, भाजलेले. म्हणजे जे आगीतून निघाले ते पक्के आणि ज्याला आग लागली नाही ते कच्चे! आपल्या पूर्वजांनी शब्दांतच सारे शास्त्र सांगून ठेवले आहे. घर जितके पक्के तितकी त्याच्यामागची भट्टी मोठी आणि तितका त्या भट्टीत गेलेला कोळसा जास्त.

सिमेंटचेच उदाहरण घेऊ. चुनखडी आणि थोडी माती दळून एकत्र करायची आणि फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवायची. एवढ्या उष्णतेसाठी कोळसा जळतो आणि त्याचा धूर होतो, हे कोणालाही समजते. परंतु खरी मेख पुढेच आहे. चुनखडीच्या दगडातच कार्बन डायऑक्साइड वायू बंदिस्त असतो. दगड तापला की तो सुटतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर हाती छप्पन्न किलो चुना येतो आणि चव्वेचाळीस किलो वायू आकाशात जातो. उद्या भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे चव्वेचाळीस किलो काही चुकायचे नाहीत. जगातली माणसे जेवढा हा वायू हवेत सोडतात, त्यातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा धरला जातो.

विटेची गोष्ट निराळी. एक लाल वीट अंदाजे तीन किलोची. हजार चौरस फुटांच्या साध्या घराला वीस हजार विटा सहज लागतात. म्हणजे साठ टन माती झाली, आणि ती मुरमाड किंवा नापीक माती नव्हे. विटेला चिकण, कसदार मातीच लागते. इंचभर सुपीक माती तयार व्हायला निसर्गाला काही शतके लागतात. आपण ती एका हंगामात भाजून काढतो आणि वर पुन्हा तिच्यावर प्लॅस्टर करून ती दिसू नये याची काळजी घेतो.

यावर चंद्रपूरजवळच एक तोड पडून आहे, आणि ‘पडून आहे’ हे शब्द मी अगदी शब्दशः वापरतो आहे. दुर्गापूर-ऊर्जानगरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचे. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण फार; तीन पोती जाळली तर एक पोते राख, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही. ही राख पिठासारखी बारीक असते. तिच्यात चुना किंवा सिमेंट, थोडा जिप्सम आणि रेती मिसळून दाबली तर तिची वीट होते, आणि मौज अशी की ही वीट भाजावी लागत नाही. पाणी मारून, सावलीत मुरवून ती घट्ट होते. केंद्र सरकारने १९९९ साली कायद्याने औष्णिक केंद्राच्या पन्नास किलोमीटरच्या टापूत मातीच्या विटांत निदान पाव हिस्सा राख घालण्याचे बंधन घातले. पुढे हा टापू शंभर आणि मग तीनशे किलोमीटरपर्यंत वाढवला. सिमेंटमध्येही राख चालते. दुकानात ज्याला ‘पीपीसी’ म्हणतात त्या सिमेंटमध्ये पंधरा ते पस्तीस टक्के राखच असते. मात्र एक पथ्य आहे. हे सिमेंट सावकाश घट्ट होते, म्हणून त्याला सातऐवजी निदान दहा दिवस पाणी मारले पाहिजे. पुष्कळ ठेकेदार सहाव्या दिवशीच नळी गुंडाळतात आणि पुढे भिंतीला तडा गेला की दोष राखेला देतात.

पण हा झाला शहरातला हिशेब. या विषयाची दुसरी बाजू पाहायची असेल तर गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले पाहिजे. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा अजून दोन तृतीयांशाहून अधिक जंगलाने झाकलेला आहे. वाटेत चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम लागते. १९८६ साली हे दांपत्य या भागात आले. आदिवासींसाठी दवाखाना काढायचा ठरले तेव्हा आधी त्यांनाच विचारण्यात आले, की तुम्ही मोठ्या दवाखान्यात का येत नाही? उत्तरे ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. तेथे नातेवाइकांना राहू देत नाहीत. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आमच्यात पांढरे कापड मेलेल्या माणसाला गुंडाळतात! तेव्हा दवाखाना गोंडांच्या वस्तीसारखा बांधण्यात आला. एक प्रचंड इमारत नाही, तर झाडांमध्ये विखुरलेल्या बसक्या झोपडीवजा खोल्या. रोग्याबरोबर त्याच्या माणसांना राहता येईल अशा. नावही देवीचे दिले: माँ दंतेश्वरी दवाखाना.

हे सारे माणसांच्या मनासाठी केले गेले. त्यामागे ‘पर्यावरण’ हा शब्द नव्हता. परंतु मी तेथून हिंडलो तेव्हा मला जाणवले की जे माणसाला मानवते ते बहुधा झाडांनाही मानवते. मोठ्या इमारतीला सपाट मैदान लागते. आधी यंत्र आणून सगळे साफ करावे लागते. लहान लहान खोल्यांना झाडांच्या मधली जागा पुरते. आमच्या शहरांत मात्र भूमिपूजनाआधीच जेसीबी येतो. नारळ फुटण्यापूर्वी झाड पडलेले असते.

तसेच पुढे गेले की धानोऱ्याच्या अलीकडे मेंढा हे गाव लागते. शेजारच्या लेखा गावाच्या नावाला जोडून ‘मेंढा-लेखा’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. कठाणी नदीकाठचे पाचएकशे वस्तीचे हे गोंडांचे गाव. २००९ साली भोवतालच्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाने मिळवला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना. जुन्या मध्यप्रांतात ‘निस्तार’ असा एक शब्द होता. घरासाठी लाकूड, कुंपणासाठी काटक्या, चुलीसाठी जळण जंगलातून आणण्याचा गावाचा हक्क म्हणजे निस्तार. पुढे गावे बांबूसाठी वणवण करीत आणि कागद गिरण्यांना तोच बांबू कवडीमोलाने मिळे, असा काळ येऊन गेला. त्यामुळे या भागात ‘घर कशाचे बांधायचे’ हा प्रश्न केवळ कारागिरीचा राहिला नाही. जंगल कोणाचे, या प्रश्नाशी त्याची गाठ पडली.

या भागातले जुने घर पाहावे. खांब येनाचे किंवा बिजाचे, मयाल जाड लाकडाची. खांबांच्या मध्ये बांबूच्या कामट्यांचा कूड विणायचा आणि त्याला दोन्ही अंगांनी माती, भुसा आणि शेण यांचा गिलावा द्यायचा. वर कवेलू. पुढे सपरी. सगळे सामान पायी जाऊन आणता येईल एवढ्या अंतरातले. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले तेव्हा त्यांनी हीच अट घातली होती, की घर शंभर रुपयांच्या आत, आसपास मिळणाऱ्या सामानात आणि गावच्याच माणसांच्या हातून व्हावे. वर्ध्याच्या उन्हात आजही त्या कुटीत पाऊल टाकले की जीव थंडावतो. त्यात जादू काही नाही. मातीची जाड भिंत दुपारचे ऊन पोटात घेते आणि फार सावकाश आत सोडते. ते आत पोचेतो रात्र झालेली असते आणि दारे-खिडक्या उघडलेल्या असतात. पत्रा ते तत्काळ आत फेकतो. चार-पाच इंचाचा स्लॅब संध्याकाळी तापतो आणि रात्रभर माणसाला भाजतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ च्या पुढे जातो हे ध्यानात घेतले म्हणजे ही गोष्ट चर्चेपुरती राहत नाही.

धानोऱ्याकडच्याच एका खेड्यात मी एका म्हाताऱ्या बाईच्या सपरीत बसलो होतो. जुन्या मातीच्या घराला लागूनच तिचे नवे पक्के घरकुल. दाराला निळा रंग, आत धानाची पोती रचलेली. मी विचारले, “आजी, नव्या घरात राहत नाही का?”

“धान ठेवाले बेस हाय जी. निजाले नाही. लय गरम होते.”

मला हवे तेच उत्तर मिळाल्यामुळे मी खुशीत आलो आणि मातीच्या घराची दोन शब्दांत स्तुती केली. ती ऐकून बाई हसली. म्हणाली, “बेस तं हायच. पन दरसाली लिपाचं कोन? तुमी येता का?”

वाचकहो, शहरात बसून मातीच्या घरांचे गोडवे गाणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रश्न आहे. भिंती लिंपणे, भुई सारवणे हे काम बाईचे. कवेलू दर वर्षी चाळावे लागतात; माकडांनी फोडले तर जास्तच. कुडात विंचू निघतो, खांबाला वाळवी लागते. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की मातीची भिंत बसते. गरिबाला पक्के घर हवेसे वाटते ते उगीच नाही, आणि त्याला ‘तू कच्च्यातच राहा, तेच निसर्गाला बरे’ असे सांगण्याचा अधिकार आपल्या स्लॅबखाली पंखा लावून बसलेल्या माणसाला नाही. माझे म्हणणे एवढेच, की घरकुलाच्या नकाशात या बाईच्या सपरीला आणि जाड भिंतीला जागा का असू नये? वाळवी अडवायला पाया दगडाचा, पूर आणि पाऊस सोसायला खालचे तीन फूट पक्क्या विटांचे, वर माती, आणि पत्र्याऐवजी कवेलू. असा मधला मार्ग जाणते स्थापत्यकार पुष्कळ दिवस सांगत आले आहेत.

बांबूचे मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्याच्याविषयी सध्या फार उत्साह आहे. आमच्या जंगलातला मुख्य बांबू म्हणजे मानवेल. याचा कोंब एका पावसाळ्यात आपली पूर्ण उंची गाठतो. मग दोन-तीन वर्षे तो फक्त पिकतो, म्हणजे आतून टणक होतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो तोडला तरी बेट तसेच राहते आणि पुढच्या पावसात नवे कोंब येतात. सागाला साठ-सत्तर वर्षे थांबावे लागते तेथे हा तीन वर्षांत तयार. बुरुडांचे आणि गोंडांचे हात त्याला सरावलेले. तेव्हा २०१४ साली राज्य सरकारने चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढले आणि त्यासाठी बांबूचीच भव्य वास्तू उभारायला घेतली, हे योग्यच झाले. वास्तू पूर्ण होत आली होती, आणि २५ फेब्रुवारी २०२१ रोजी तिला आग लागली. बघता बघता सारे जळून गेले.

त्यावर ‘बघा, बांबूचे घर म्हणजे शेवटी काडेपेटी’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. वाळलेला बांबू पोकळ असतो आणि चटकन पेटतो. परंतु आमच्या जुन्या घरांत बांबू होताच ना? तो उघडा नव्हता. दोन्ही बाजूंनी त्याच्या अंगावर मातीचा जाड लेप होता. ज्वाळेला त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. गावे जळत ती गवताच्या छपरांमुळे, कुडाच्या भिंतींमुळे नव्हे. आज आपल्याला बांबू दिसायला हवा असतो, कारण तो सुंदर दिसतो. दिसायला हवा तर त्याच्याबरोबर आगीचा बंदोबस्तही आला: खोल्यांमध्ये न जळणाऱ्या भिंती, पाण्याची सोय, विजेच्या तारांची काळजी. भारतीय मानक संस्थेने बांबूच्या बांधकामासाठी आणि तो टिकवण्यासाठी स्वतंत्र मानके केलेली आहेत. एका आगीमुळे बांबू बाद करायचा तर आजवर किती लाकडी वाडे आणि कापडाची दुकाने जळली याचाही हिशेब मांडावा लागेल.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक प्रयोग आहे, तो वरोऱ्याच्या आनंदवनात. बाबा आमट्यांनी १९५१ साली सुरू केलेल्या या वसाहतीत सळई न लागणारी, कमानदार छपरांची घरे आहेत. ही रीत मूळची इजिप्तमधल्या न्युबियाची. तेथे हसन फथी नावाच्या स्थापत्यकाराने १९४६ पासून लक्सरजवळ एक सबंध गाव मातीच्या विटांत बांधायला घेतले तेव्हा त्याने न्युबियाचेच गवंडी बोलावले; त्यांना खाली लाकडी आधार न देता कमान वळवता येत असे. नाईल नदीवरची ती कमान वर्धा नदीच्या अलीकडे येऊन पोचली याचे मला फार कौतुक वाटते.

हे सर्व वाचून एखादा वाचक म्हणेल, की आम्हाला तर गावात अठराशे फुटांच्या प्लॉटवर चार खोल्या बांधायच्या आहेत, तेथे ही कमान आणि तो कूड घेऊन काय करू? प्रश्न रास्त आहे. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे सध्या मूलला बँकेचे कर्ज काढून नेमके तेच करीत आहेत आणि तेथे मला नको तितके लक्ष घालावे लागले आहे. कारण त्या घरातली एक खोली आमच्या आईची आहे. आईचे वय सत्त्याहत्तर, रक्तदाबाचा त्रास. मूळ नकाशात तिची खोली पश्चिमेला होती, मोठ्या काचेच्या खिडकीची; आणि मोटार लावता यावी म्हणून पश्चिमेकडचा कडुनिंब जायचा होता. मी म्हटले, मोटार उन्हात राहिली तर तिचा रंग जाईल. आई उन्हात राहिली तर?

त्यावर घरात दोन दिवस अबोला होता. मग नकाशा फिरवला. जिना, न्हाणीघर आणि कपाटे पश्चिमेच्या अंगाला गेली; म्हणजे ऊन प्रथम ती खातील. आईची खोली ईशान्येला आली आणि कडुनिंब वाचला. या फेरबदलाला एक पैसाही लागला नाही, फक्त ठेकेदाराची नाराजी लागली. पाया खणण्यापूर्वी वरची वीतभर माती काढून कोपऱ्यात ढीग करून झाकून ठेवली. ती पुढे परसात पसरता येते. वास्तविक हे माझे डोके नव्हे. केंद्र सरकारचे नवीकरणीय ऊर्जा खाते आणि ‘टेरी’ ही संस्था यांनी २००७ च्या सुमारास इमारतींना तारे देण्याची ‘गृह’ नावाची जी पद्धत घातली, तिच्यात माती आणि झाडे राखण्याचे कलम आहेच. रेतीच्या ढिगावर ताडपत्री घातली म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात धूळ जात नाही, आणि ओले गोणपाट गुंडाळले म्हणजे खांबांना निम्म्या पाण्यात काम भागते. विटा राखेच्या घेतल्या. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत बांधावी अशी माझी फार इच्छा होती. तिच्यात विटा पाव हिश्श्याने वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊनही अडते. परंतु गवंडी म्हणाला, “हे मी कधी केलं नाही; भिंत पडली तर मला बोल लावाल,” आणि मेहुण्यांनी त्याची बाजू घेतली. तेथे मी हरलो. शेवटी एकट्या आईच्या खोलीची बाहेरची भिंत तशी करायची, यावर तह झाला आहे. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यायचे हेही ठरले. खोलीचा ताप काही अंशांनी उतरवणारा याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

त्या घराच्या सपरीवर मांडव मात्र बांबूचाच होणार आहे. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत सत्त्व फार असते आणि भुंगा त्याचे पीठ करतो. म्हणून दिवाळीनंतर, थंडीत तोडलेला घ्यावा, तोही तीन वर्षांवरचा. कोवळा बांबू हिरवागार आणि तुळतुळीत दिसतो. पिकलेल्यावर पांढुरके डाग असतात आणि वाजवला तर खणखणतो. तो काही आठवडे वाहत्या पाण्यात मुरवायचा किंवा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा, आणि त्याचा पाय जमिनीत न पुरता दगडावर टेकवायचा. चिचपल्लीकडच्या एका बुरुडाला मेहुण्यांनी सोळा बांबूंचे सांगून ठेवले आहे. तो म्हणाला, “भाऊबीज होऊ द्या, मग तोडतो.”